फिंचच्या शेपटीवरून पिंजऱ्याची पारख

शेतकऱ्यांच्या मासिकांत शोभेच्या पांखरांच्या शेपटीला जागा कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. कोंबडी अंडीं देते, शेळी दूध देते. पण बोटभर लांबीचा फिंच पक्षी अंड्याच्याही उपयोगाचा नाहीं आणि मांसाच्याही नाहीं. असें असलें तरी तालुक्याच्या गांवांतून व खेड्यांतूनही फिंचच्या जोड्या पाळून पिलें विकण्याचा जोडधंदा करणारे तरुण आढळतात; त्या पांखरांना लागणारा राळा व बाजरी हीं धान्यें आपल्याच शेतांत पिकतात; आणि ज्या रानमनोल्या जाळ्यांत धरून चोरून विकल्या जातात, त्याही आपल्याच भातखाचरांच्या बांधांवर वाढतात. या तीन कारणांनीं हा विषय आमच्या वाचकांचा आहे असें आम्ही समजतों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. फिंचची शेपटी हें त्याच्या पिंजऱ्याचें, खाण्याचें आणि मालकाच्या लक्षाचें प्रमाणपत्र आहे. ती नीट पाहिल्यावांचून कोणीं पक्षी विकत घेऊं नये. आणि ती पुरी व नितळ नसेल तर कोणीं पक्षी विकूं नये.

बैल खरेदी करतांना आपला शेतकरी किती चिकित्सक असतो हें सांगावयास नको. तो दांत पाहतो, खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो, जनावर चार पावलें चालवून पाहतो, आणि शेपटीचा गोंडा कोठवर पोंचतो तेंही पाहून घेतो. परंतु तोच मनुष्य मुलांच्या हौसेखातर पांखरांची जोडी घेतो तेव्हां केवळ रंग पाहतो. चोंच तांबडी आहे, गालावर नारिंगी ठिपका आहे, एवढ्यावर सौदा होतो. शेपटीचीं पिसें तुटलेलीं दाखविलीं तर विकणारा म्हणतो, ‘पिसेंच तीं, येतील परत.’ हें उत्तर अर्धें खरें आहे. आणि अर्ध्या खऱ्या उत्तराइतकी पक्की फसवणूक दुसरी नाहीं.

आपल्याकडे पिंजऱ्यांत मुख्यतः चार जाती दिसतात. झेब्रा फिंच व गोल्डियन फिंच या मूळच्या ऑस्ट्रेलियांतील. गोल्डियनचें वर्णन जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें सन १८४४ मध्यें केलें, व आपली दिवंगत पत्नी एलिझाबेथ हिच्या स्मरणार्थ त्याला नांव दिलें. बेंगालीज फिंच हा पक्षी रानांत कोठेंच नाहीं. नांवांत बंगाल असला तरी पांढऱ्या पाठीच्या मनोलीपासून जपानांतील पक्षिपालकांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो सिद्ध केला आहे. चौथी जात जावा चिमणी; तिचें मूळ घर जावा व बाली हीं बेटें. ऑस्ट्रेलियानें आपल्या रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात सन १९६० मध्यें बंद केली. त्यामुळें आज आपल्याकडे विकला जाणारा झेब्रा किंवा गोल्डियन फिंच पिंजऱ्यांतच जन्मलेला असतो. त्याच्या शेपटीच्या दुर्दशेचा दोष रानावर, ऋतूवर किंवा शिकाऱ्यावर टाकण्यास जागा नाहीं. ती जबाबदारी सर्वस्वीं पाळणाऱ्याची आहे.

आतां शेपटीची रचना पाहूं. फिंचच्या शेपटींत मोठीं पिसें बारा असतात. मधल्या रेषेच्या प्रत्येक बाजूस सहा. झेब्रा फिंचची शेपटी आंखूड व काळी असून तिच्या मुळाशीं पांढरे पट्टे असतात. गोल्डियनचीं मधलीं दोन पिसें इतरांहून लांब व टोंकदार असतात, आणि नराचीं तीं मादीपेक्षां अधिक लांब. गाईचें शिंग, मेंढीची लोकर आणि आपलीं नखें ज्या प्रकारच्या प्रथिनाचीं बनतात, त्याच प्रकारच्या प्रथिनाचें पीस बनतें. वाढत असतां त्याच्या दांड्यांत रक्त खेळत असतें. वाढ पुरी झाली कीं रक्त आटतें व पीस निर्जीव होतें. मग तें झिजलें, वांकलें वा तुटलें तर शरीर त्याची डागडुजी करूं शकत नाहीं. तुटलेल्या पिसाचें थोटूक पुढील पिसेंझडीपर्यंत तसेंच राहतें. पीस मुळासकट निघालें तर मात्र त्याच जागीं नवें पीस लगेच धरूं लागतें व साधारणतः चार ते सहा आठवड्यांत पुरें होतें. विकणाऱ्याचें ‘येतील परत’ हें उत्तर अर्धें खरें म्हणतों तें यासाठीं. पिसें परत येतीलही. पण ज्या कारणानें तीं गेलीं तें कारण कायम असेल तर तींही तशींच जातील.

पिसाचा आणखी एक गुण आमच्या वाचकांना चटकन पटेल. उन्हाळ्यांत पाण्याचा ताण पडला कीं उसाचीं पेरें आंखूड राहतात, आणि पुढें कितीही पाणी दिलें तरी तीं लांब होत नाहींत. उभा ऊस पाहून ताण कोणत्या सुमारास पडला तें जाणता माणूस सांगतो. पिसाचें तसेंच आहे. तें वाढत असतां पक्ष्याची उपासमार झाली, त्याला दुखणें आलें किंवा मोठी भीति बसली, तर त्या दिवसांत वाढलेल्या भागावर आडवी, बारीक, विरळ रेघ उमटते. पीस उजेडासमोर धरलें म्हणजे ती स्पष्ट दिसते. पुढें पीस तुटतें तें बहुधा त्याच रेघेवर. बाराही पिसांवर एकाच उंचीवर अशी रेघ असेल, तर तीं सर्व पिसें एकाच वेळीं वाढत होतीं आणि त्याच वेळीं पक्ष्यावर संकट आलें, असें निश्चित समजावें. पिलें घरट्यांत असतां मालकानें खाण्याची हयगय केली, तर तिची नोंद अशा रीतीनें पिलाच्या शेपटीवर राहते.

शेपटी वाचण्याची ही विद्या अवघड नाहीं. दोन्ही बाजूंचीं सारखीं पिसें जोडीनें गळलेलीं असून त्या जागीं नवे कोंब दिसत असतील, तर ती नेहमींची पिसेंझड होय. तिला घाबरूं नये. पिसें मध्येंच, वेड्यावांकड्या उंचीवर तुटलेलीं असतील, तर तीं तारेवर घांसलीं आहेत. सारी शेपटी एकाच दिवशीं नाहींशी झाली, तर पक्षी फार भ्यालेला असावा किंवा कोणी ती उपटली असावी. लहान पांखरें शत्रूच्या तावडींत शेपटी सोडून स्वतःचा जीव वांचवतात. रात्रीं पिंजऱ्यावर मांजर, उंदीर वा साप आला तरी असें घडतें. पाठ व शेपटीचें मूळ उघडें पडलें असेल, तर सोबतीचे पक्षी पिसें उपटत आहेत. शेपटी एका बाजूस वळली असून पीस मात्र अखंड असेल, तर मादी घरट्यांत बसली होती एवढाच त्याचा अर्थ. कोमट पाण्याच्या ओलाव्यानें तें वळण बहुधा सरळ होतें. शेपटीखालचा भाग ओला व मळलेला असेल, तर पोट बिघडलें आहे.

याहून गंभीर खूण शेपटीच्या पिसांत नसून तिच्या हालचालींत असते. पक्षी दांडीवर स्वस्थ बसला असतां प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी खालींवर होऊं लागली, तर त्याला श्वास घेणें जड जात आहे. गोल्डियन फिंचमध्यें श्वासनलिका व वायुकोश यांत राहणाऱ्या सूक्ष्म किडींमुळें असें पुष्कळदां होतें. असा पक्षी चोंच उघडी ठेवतो व त्याचा आवाज बसतो. येथें घरगुती उपायांत दिवस घालवूं नये, पशुवैद्याकडे जावें. इतक्या लहान जिवाला औषधाची मात्रा अंदाजानें देणें म्हणजे त्याचा जीव घेणें होय.

शेपटी खराब होण्याचीं कारणें पाहिलीं, तर त्यांतील बहुतेक मालकाच्या हातचीं आहेत असें दिसून येतें. पहिलें कारण दाटी. एका जोडीच्या पिंजऱ्यांत तीन जोड्या कोंबल्या कीं प्रत्येक पक्षी तारेला घांसतो, आणि दांडीवरील जागेसाठीं एकमेकांचीं पिसें ओढतो. झेब्रा फिंच सुमारें चार इंच लांब असतो; दांडी तारेच्या दोन इंचांवर बसविली तर तो कसाही बसला तरी शेपटी तारेला लागणारच. आमच्या मतें एका जोडीचा पिंजरा निदान अडीच फूट लांब असावा. फिंच आडवा उडतो. त्याला उंची नको, लांबी हवी. दांडी तारेपासून चार इंच आंत असावी, आणि एक दांडी दुसरीच्या बरोबर खालीं नसावी. नाहीं तर वरच्याची विष्ठा खालच्याच्या शेपटीवर पडते.

दुसरें कारण लोभ. झेब्रा फिंच मूळचा कोरड्या मुलखांतला. तेथें पाऊस पडून गवताला बीं धरलें म्हणजे तो घरटें करतो. पाऊस नसेल तर थांबतो. पिंजऱ्यांत मात्र दाणा व पाणी बारमाही असल्यामुळें त्याच्या लेखीं पाऊस संपतच नाहीं. मादी एकामागून एक अंडीं घालीत सुटते आणि मालक प्रत्येक विणीचे पैसे मोजतो. नवीं पिसें बनविण्यास लागणारें सत्त्व अंड्यांत खर्च होतें. मादीची शेपटी विरळ होते व पुढें अंडें अडून ती मरते. शिवाय नव्या घरट्याच्या घाईंत आईबाप पहिल्या पिलांचींच पिसें उपटून अस्तराला घेतात. एकाच जमिनींत पिकावर पीक घेऊन ती उताराला आली म्हणजे आपण तिला विसांवा देतों. तोच न्याय येथें लावावा. वर्षांत तीन विणींहून अधिक घेऊं नयेत, नंतर घरटें काढून जोडी वेगळी करावी, व सहा महिन्यांच्या आंतील पक्षी जोडीस लावूं नये. पिलें स्वतः दाणे फोडूं लागलीं, म्हणजे साधारण पांच-सहा आठवड्यांचीं झालीं, कीं तीं निराळ्या पिंजऱ्यांत ठेवावीं. तोंपर्यंत घरट्यासाठीं मऊ वाळलें गवत किंवा नारळाचा काथ्या भरपूर द्यावा.

तिसरें कारण खाणें. नुसत्या कोरड्या राळ्याबाजरीवर फिंच जगतो. पण उत्तम पीस धरण्यास तेवढें पुरत नाहीं. धान्यांत प्रथिनांतील कांहीं आवश्यक घटक कमी, चुना कमी, आणि अ जीवनसत्त्व नाममात्र असतें. म्हणून पिसेंझडींत व पिलांच्या दिवसांत उकडलेलें अंडें कुस्करून द्यावें. मोड आलेला राळा, कोथिंबीर, पालक व हिरवें गवताचें कणीस द्यावें. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यांत कायम टांगावा. अंडें किंवा भिजविलेला दाणा उन्हाळ्यांत दोन-तीन तासांनीं काढून टाकावा. दाणा जुना आहे कीं ताजा हें ओळखण्यास शेतकऱ्याला दुसऱ्याकडे जावयास नको: शंभर दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे, व पाऊणशेंहून कमी उगवले तर तो दाणा पांखरांना घालूं नये. पावसाळ्यांत बुरशीचा वास येणारा दाणा तर उकिरड्यावर टाकावा. आणि एक गोष्ट विशेष बजावून सांगतों. पेरणीसाठीं औषध चोळलेलें, लाल वा निळ्या रंगाचें उरलेलें बियाणें कोणत्याही पांखराला चुकूनही घालूं नये. तें विष आहे.

चौथें कारण किडी. तांबडी किडी पक्ष्यावर राहत नाहीं. ती दिवसां पिंजऱ्याच्या सांध्यांत व दांडीच्या टोंकांत लपते आणि रात्रीं रक्त पिते. दिवसां पक्षी हातांत घेऊन पाहणारा म्हणूनच फसतो. रात्रीं पिंजऱ्यावर पांढरें फडकें टाकावें व पहांटे उजेड होण्यापूर्वीं बत्तीनें पाहावें. तांबडे ठिपके चालतांना दिसले तर किडी आहे. ती रक्तावांचून कांहीं महिने जिवंत राहूं शकते, म्हणून रिकामा पिंजराही कढत पाण्यानें धुवावा व उन्हांत तापवावा. पांचवें कारण आंघोळीचा अभाव. शेपटीच्या मुळाशीं तेलाची एक ग्रंथि असते. पक्षी आंघोळ करून चोंचीनें तें तेल पिसांस लावतो. एक इंच खोल पाण्याची उथळ थाळी रोज सकाळीं ठेवावी व दुपारीं काढावी. यास कवडीचाही खर्च नाहीं. आणि हेंच बहुतेक घरीं होत नाहीं.

याच्या उलट जे उपाय सर्रास केले जातात ते पिंजऱ्यास हात न लावतां शेपटी सुधारूं पाहतात. कोणी पिसांना खोबरेल तेल चोळतात. त्यानें पिसें चिकटून ऊब राहत नाहीं व पक्षी गारठतो. कोणी शक्तिवर्धक थेंब पाण्यांत घालतात. पक्षी त्या पाण्याला तोंड लावीत नाहीं आणि तहानलेला राहतो. कोणी विक्रीपूर्वीं तुटकीं पिसें उपटतात, म्हणजे महिनाभरांत नवी शेपटी येऊन गिऱ्हाइकास दोष दिसत नाहीं. प्रदर्शनासाठीं अनुभवी माणसानें एखाददुसरें मेलेलें थोटूक काढणें निराळें; दोष लपविण्यासाठीं शेपटी उपटणें ही गिऱ्हाइकाची फसवणूक व पक्ष्याचा छळ आहे. रक्त खेळत असलेलें वाढतें पीस ओढलें तर एवढ्याशा देहांतून रक्तस्राव होऊन प्राणावर बेततें.

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, शेपटी नसलेला फिंचही खातो, गातो व पिलें काढतो. मग शेपटीचें एवढें स्तोम कशाला? तो खातो व गातो हें खरें. पण शेपटी हें उडतांना त्याचें सुकाणूं आहे आणि उतरतांना लगाम. लहान पिंजऱ्यांत तिचें काम पडत नाहीं, हाच त्या पिंजऱ्यावरील आरोप आहे. शिवाय आम्ही शेपटीला शोभेचा दागिना म्हणून मोजीत नाहीं, साक्षीदार म्हणून मोजतों. साक्षीदार मुका असला तरी त्याची साक्ष खोटी ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जोडधंदा करणारा तरुण गरीब आहे. मोठे पिंजरे, अंडीं, विणींमधील विसांवा हें सारें त्याला कसें परवडावें? त्यास आमचें उत्तर असें कीं, पिंजरे वाढवूं नका, जोड्या कमी करा. दहा जोड्यांच्या दाटींत जीं पिलें निघतात त्यांतील कांहीं घरट्यांतच मरतात, कांहीं विक्रीच्या वेळीं बोडक्या शेपटीमुळें पडत्या भावानें जातात, आणि एकदां फसलेलें गिऱ्हाईक पुन्हा दारांत येत नाहीं. पांच जोड्या नीट पाळणाराच्या मालाची पारख गिऱ्हाईक स्वतः करतें. तसेंच या धंद्याचा दुसरा पदर विसरूं नये. सन २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, पण राळ्यास गिऱ्हाईक कोठें शोधावें ही विवंचना शेतकऱ्यास उरलीच आहे. फवारणी न केलेलीं, स्वच्छ वाळविलेलीं राळ्याचीं कणसें पिंजऱ्यांत टांगण्यास फार चांगलीं. पांखरें तीं आवडीनें सोलून खातात. ज्याच्या जमिनींत राळा येतो त्यानें या मागणीकडे अवश्य पाहावें.

शेवटीं आपल्या रानमनोल्यांविषयीं दोन शब्द. लाल मनोलीस इंग्रजींत ‘अवदावत’ असें जें नांव आहे, तें अहमदाबादचें अपभ्रष्ट रूप होय; कारण पूर्वीं तेथून हीं पांखरें परदेशीं जात. तो व्यापार आतां गुन्हा आहे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या मनोल्यांना संरक्षण असून त्या धरणें, पाळणें व विकणें बेकायदेशीर आहे. तरी कोठें कोठें त्या हिरव्या-पिवळ्या रंगांत बुडवून परदेशी पांखरें म्हणून खपविल्या जातात. येथेंही शेपटीच साक्ष देते: जाळ्यांत वा चिकट लाशांत सांपडलेल्या पांखराचीं पिसें मोडलेलीं व चिकटलेलीं असतात, आणि ओला कापूस फिरविला तर रंग कापसास लागतो. अशी जोडी दयेनें विकत घेणाराही त्या धंद्याला पैसा पुरवितो. त्यानें खरेदी न करतां वनखात्यास कळवावें. जावा चिमणी पाळणारानेंही कायदा पाहून घ्यावा. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींत तिची गणना आहे, आणि सन २०२२ च्या दुरुस्तीनें अशा परदेशी जातींच्या नोंदणीची तरतूद आपल्या कायद्यांत आली आहे.

आम्ही पक्षी पाळूं नका असें म्हणत नाहीं. पिंजऱ्यांत जन्मलेल्या फिंचला मोकळें सोडणें म्हणजे कावळ्याच्या तोंडीं देणें होय. त्याला पिंजराच घर आहे. पण घर आणि कोंडवाडा यांतील भेद पाळणाऱ्यानें ओळखला पाहिजे, व घेणाऱ्यानें त्याचा जाब विचारला पाहिजे. आमच्या वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, फिंचची जोडी घेण्यास जाल तेव्हां पक्षी दुकानांत वा बाजारांत न पाहतां, होईल तर तो वाढला त्या पिंजऱ्यांतच पाहावा. शेपटीचीं पिसें मोजावीं. एखादें उजेडासमोर पाहावें. आणि विकणाऱ्यास विचारावें कीं या मादीनें यंदा किती विणी काढल्या. विकणारा या प्रश्नानें रागावला तर जोडी तेथेंच ठेवून परत यावें. गिऱ्हाईक विचारूं लागलें कीं पाळणारा आपोआप पिंजरा मोठा करील, दांडी तारेपासून दूर बसवील आणि सकाळीं पाण्याची थाळी ठेवील.